प्रोटोकॉल बफर्समधील विस्तारक्षम संदेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोटोकॉल बफर्स, म्हणजे रोजच्या बोलण्यातले प्रोटोबफ, ही माहिती ठरलेल्या रचनेच्या संदेशांत बांधून एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे पाठवण्याची पद्धत आहे. ती वापरणाऱ्यांच्या शंका बहुधा पहिल्या दिवशी येत नाहीत. संदेशाची रचना ठरते, दोन-तीन संस्था ती वापरू लागतात आणि मग त्यांतील एखादीला त्यात स्वतःचे काही घालावेसे वाटते, तेव्हा त्या येतात. पुढील प्रश्नोत्तरे त्या टप्प्यासाठी आहेत. उदाहरणांसाठी शक्य तेथे जीटीएफएस रिअलटाइम हा सार्वजनिक वाहतुकीच्या थेट माहितीचा आराखडा घेतला आहे. तो २०११ पासून जाहीर आहे, त्याची प्रोटो फाइल, म्हणजे संदेशांची रचना लिहिलेली फाइल, कोणालाही वाचता येते, आणि मूळ रचना एकाची पण भर घालणारे अनेक, ही परिस्थिती त्यात प्रत्यक्ष पाहायला मिळते.

विस्तारक्षम संदेश म्हणजे नेमके काय?

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गरजा येतात आणि त्या वेगळ्या न केल्यामुळे बरीच चर्चा भरकटते. पहिली गरज रचनेच्या मालकाची असते: आज संदेशात दहा फील्डे, म्हणजे माहितीचे दहा रकाने, आहेत, उद्या अकरावे घालायचे आहे आणि जुने प्रोग्राम बंद पडता कामा नयेत. दुसरी गरज त्रयस्थाची असते: रचना त्याच्या मालकीची नाही, तरी त्या संदेशात त्याला स्वतःची माहिती पाठवायची आहे, आणि त्यासाठी मालकाची फाइल बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. तिसरी गरज म्हणजे संदेशाच्या पोटात असा दुसरा संदेश ठेवणे, ज्याचा प्रकार पाठवण्याच्या क्षणापर्यंत ठाऊकच नसतो. प्रोटोबफमध्ये पहिल्या गरजेसाठी साधी फील्डे पुरतात, दुसरीसाठी एक्स्टेन्शन आहेत आणि तिसरीसाठी एनी नावाचा प्रकार आहे. कोणती गरज आहे हे ठरवल्याशिवाय साधन निवडू नये.

नवे फील्ड आले तरी जुना प्रोग्राम अडखळत का नाही?

कारण तारेवरून जाणाऱ्या बाइटमध्ये फील्डचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. प्रत्येक फील्डच्या आधी एक खूण असते. फील्डचा क्रमांक आठने गुणून त्यात तारेवरचा प्रकार मिळवला की ती खूण तयार होते. हे प्रकार मोजके आहेत: ० म्हणजे बदलत्या लांबीची पूर्ण संख्या, १ म्हणजे नेमके आठ बाइट, २ म्हणजे आधी लांबी आणि मग तितके बाइट, ५ म्हणजे नेमके चार बाइट, ३ आणि ४ हे जुन्या ग्रूप पद्धतीचे आरंभ आणि शेवट आहेत. पहिल्या क्रमांकाच्या पूर्णांक फील्डमध्ये ३०० ही किंमत ठेवली, तर दशमान पद्धतीत ८, १७२ आणि २ असे तीन बाइट निघतात. त्यांतील ८ ही खूण आहे. १७२ आणि २ मिळून ३०० होतात, कारण प्रत्येक बाइटचे सात बिट किमतीसाठी असतात आणि आठवा बिट 'अजून एक बाइट आहे' एवढेच सांगतो.

आता वाचणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाचे फील्ड माहीत नाही असे समजू. खुणेतून त्याला तारेवरचा प्रकार कळतो, प्रकारावरून किती बाइट ओलांडायचे ते कळते, आणि पुढच्या फील्डपाशी तो बिनचूक पोहोचतो. अर्थ न कळता लांबी कळणे, एवढ्यावर ही सगळी विस्तारक्षमता उभी आहे.

मराठी मजकूर पाठवणाऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही लांबी अक्षरांची नव्हे, बाइटची असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेते. दुसऱ्या क्रमांकाच्या मजकूर फील्डमध्ये 'सातारा' लिहिले, तर सहा चिन्हांचे अठरा बाइट होतात. योगायोगाने त्या फील्डची खूणही अठराच असल्यामुळे बाइट तपासताना १८, १८ अशी जोडी दिसते आणि काहीतरी दोनदा लिहिले गेले असा समज होतो. तसे काही झालेले नसते.

एक्स्टेन्शन कसे जाहीर करतात आणि ते साध्या फील्डहून कशात वेगळे असते?

रचनेचा मालक आपल्या संदेशात काही क्रमांक इतरांसाठी मोकळे सोडतो. जीटीएफएस रिअलटाइमच्या संदेशांमध्ये १००० ते १९९९ आणि ९००० ते ९९९९ असे दोन पट्टे सोडलेले आहेत. मग दुसरी संस्था स्वतःच्या फाइलमध्ये मूळ फाइल आयात करते आणि 'एक्स्टेंड' या शब्दाने त्या संदेशाला नवे फील्ड जोडते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने हेच केले आहे. तिने १००१ हा क्रमांक घेतला आणि फीडचे (थेट माहितीच्या प्रवाहाचे) शीर्ष, फेरीचे वर्णन व थांब्याची वेळ या तिन्ही संदेशांना त्याच क्रमांकाने जोड दिली. तीन ठिकाणी एकच क्रमांक चालतो, कारण क्रमांकाची हद्द ज्या संदेशाला जोड दिली त्या संदेशापुरतीच असते. या जोडीमुळे गाडीचा अंतर्गत ओळखक्रमांक, फेरीला प्रत्यक्ष गाडी नेमली गेली आहे की नाही, आणि नियोजित व प्रत्यक्ष रूळ कोणता, ही मूळ आराखड्यात नसलेली माहिती पाठवता येते.

फरक एवढाच, की एक्स्टेन्शनचे वर्णन दुसऱ्या फाइलमध्ये असते आणि कोडमधून ते वाचण्याची पद्धत निराळी असते. तारेवर काहीच फरक नसतो. १००१ क्रमांकाचे साधे फील्ड आणि १००१ क्रमांकाचे एक्स्टेन्शन यांचे बाइट तंतोतंत सारखे असतात. म्हणूनच क्रमांक आणि प्रकार तेच ठेवले, तर एखादे लोकप्रिय झालेले एक्स्टेन्शन पुढे मूळ संदेशात साधे फील्ड म्हणून घेता येते, किंवा अनिवार्य नसलेले फील्ड एक्स्टेन्शन म्हणून बाहेर काढता येते. कोड मात्र दोन्ही वेळा बदलावा लागतो.

दोन मर्यादा आहेत. एक्स्टेन्शन अनिवार्य फील्ड असू शकत नाही, आणि ते वनऑफचा (अनेकांपैकी एकच फील्ड भरता येणाऱ्या गटाचा) किंवा मॅपचा (किल्ली आणि किंमत यांच्या जोड्यांचा) भाग होऊ शकत नाही. मॅप हवाच असेल, तर एक्स्टेन्शनचा प्रकार म्हणून स्वतंत्र संदेश करावा आणि मॅप त्याच्या आत ठेवावा.

संदेश पार्स होतो, म्हणजे बाइटमधून वाचला जातो, कुठलीही चूक येत नाही, पण एक्स्टेन्शन रिकामेच दिसते. असे का?

सर्वांत जास्त वेळा येणारा हा प्रश्न आहे, आणि बाइट हरवले आहेत असा तर्क करून लोक जाळ्यातील बिघाड शोधत बसतात. बाइट बहुधा जागेवरच असतात. ते एक्स्टेन्शन आहे हे पार्सरला कोणी सांगितलेले नसते.

जावामध्ये पार्स करताना एक्स्टेन्शनची रजिस्ट्री, म्हणजे ओळखीच्या एक्स्टेन्शनची यादी, स्वतंत्रपणे द्यावी लागते. रिकामी रजिस्ट्री तयार करायची, प्रोटो फाइलवरून जनरेट झालेल्या वर्गातील 'रजिस्टर ऑल एक्स्टेन्शन्स' ही पद्धत तिच्यावर चालवायची आणि पार्स करण्याच्या पद्धतीला बाइटसोबत ती रजिस्ट्री द्यायची, असा क्रम आहे. ती दिली नाही, तर १००१ क्रमांकाचे बाइट अनोळखी फील्डांच्या संचात जाऊन बसतात आणि 'एक्स्टेन्शन आहे का' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर मिळते. अपवाद (एक्सेप्शन) फेकला जात नाही, कारण अनोळखी फील्ड ही प्रोटोबफच्या दृष्टीने चूक नाहीच. असा अर्धवट वाचलेला संदेश हाती आला असेल आणि मूळ बाइट जवळ नसतील, तरी सुटका आहे. तो पुन्हा बाइटमध्ये लिहावा आणि या वेळी रजिस्ट्री देऊन पुन्हा पार्स करावा.

सी++ मध्ये रजिस्ट्री हाताने द्यावी लागत नाही. जनरेट केलेला कोड प्रोग्राम सुरू होतानाच स्वतःची नोंद करतो. तेथील खोडी वेगळी आहे. तो कोड स्थिर लायब्ररीत असेल आणि बाकीच्या प्रोग्राममधून त्यातील एकाही चिन्हाचा उल्लेख नसेल, तर प्रोग्रामचे तुकडे जोडणारा लिंकर ती ऑब्जेक्ट फाइल निरुपयोगी समजून गाळतो, आणि नोंद करणारा कोडच प्रोग्राममध्ये उरत नाही. गो आणि पायथनमध्ये एक्स्टेन्शनचे जनरेट केलेले मोड्यूल आयात करण्यावरच नोंद अवलंबून असते. 'हे आयात कुठेच वापरलेले नाही' म्हणून एखाद्या साफसफाईत ती ओळ काढली जाते आणि दुसऱ्या दिवशी रुळांचे क्रमांक दिसेनासे होतात. त्या ओळीशेजारी कारण सांगणारी टिप्पणी लिहून ठेवावी, ही आमची आग्रहाची सूचना आहे.

एक्स्टेन्शन आमच्याकडे असते, पण मधल्या सेवेतून गेल्यावर पुढे नाहीसे होते. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा मधल्या सेवेच्या कोडचा, क्वचित तिच्या जुन्या लायब्ररीचा.

आधी लायब्ररीचे पाहू. प्रोटो२ आणि प्रोटो३ या प्रोटोबफची रचना लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. प्रोटो२ मध्ये अनोळखी फील्डे जपून ठेवली जातात आणि संदेश पुन्हा लिहिताना ती बाहेर पडतात. प्रोटो३ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी मात्र ती टाकून देण्याचे धोरण घेतले होते. मधल्या सेवांचे त्यामुळे हाल झाले आणि २०१७ मधील ३.५ या आवृत्तीपासून प्रोटो३ मध्येही ती पुन्हा जपली जाऊ लागली. आमच्या मते पहिला निर्णय चुकीचाच होता: मधल्या माणसाने न समजणारे पाकीट फेकून देणे ही काही टपाल पोहोचवण्याची रीत नव्हे. आज ३.५ पूर्वीची लायब्ररी कोठे चालू असेल, तर ती आधी बदलावी. तृतीय पक्षाने लिहिलेली लायब्ररी वापरत असाल, तर ती अनोळखी फील्डे जपते का हे प्रत्यक्ष चालवून पाहावे, कारण सर्वच लायब्रऱ्या तसे करत नाहीत.

आता कोडचे. आलेला संदेश वाचून, नवा रिकामा संदेश तयार करून, त्यात एकेक ओळखीचे फील्ड भरणे ही फार प्रचलित आणि दिसायला स्वच्छ पद्धत आहे. ती अनोळखी फील्डे हमखास गाळते. आमच्याच एका जुन्या कामात फीडमधील थांब्यांची नावे सुधारून पुढे पाठवणारी छोटी सेवा अशीच लिहिली होती. तिच्या चाचण्या सगळ्या पार होत होत्या, कारण चाचण्यांतील नमुन्यांत एक्स्टेन्शन नव्हतेच. असा कोड लिहिण्याऐवजी आलेल्या संदेशाची पूर्ण प्रत घ्यावी आणि तीत हवे ते फील्ड बदलावे. मधे कोठे संदेश जेसनमध्ये (नाव आणि किंमत लिहिण्याच्या मजकूर स्वरूपात) रूपांतरित करून परत आणला जात असेल, तर तेथेही अनोळखी फील्डे जातात. जेसनमध्ये क्रमांकाला जागाच नसल्यामुळे त्यावर उपाय नाही.

एक्स्टेन्शनसाठी क्रमांक कोणता निवडावा?

आधी मालकाने कोणता पट्टा मोकळा सोडला आहे आणि त्याच्या वाटपाचा नियम काय आहे ते वाचावे. जीटीएफएस रिअलटाइममध्ये १००० ते १९९९ या पट्ट्यातील क्रमांक नोंद करून घ्यायचे असतात, आणि ९००० ते ९९९९ हा पट्टा कोणत्याही संस्थेने न विचारता खासगी वापरासाठी घ्यावा असा आहे. आपले फीड स्वतःच्या भिंतींबाहेर जाणार नसेल, तर दुसरा पट्टा ठीक आहे. एक दिवस जाणार असेल, तर आजच नोंद करावी. खर्चातही किंचित फरक पडतो. १ ते १५ या क्रमांकांची खूण एका बाइटात मावते, १६ ते २०४७ साठी दोन बाइट लागतात, आणि ९००० ला तीन.

स्वतःची रचना करणाऱ्यांसाठी बाकीच्या सीमा अशा: क्रमांक १ पासून ५३,६८,७०,९११ पर्यंत चालतात, त्यांतील १९००० ते १९९९९ हे प्रोटोबफने स्वतःसाठी राखलेले असल्यामुळे कंपायलर ते स्वीकारत नाही. फील्ड, संदेश किंवा फाइल यांना स्वतःचे पर्याय (ऑप्शन, म्हणजे त्यांविषयीच्या जादा सूचना) जोडायचे असतील, तर तेही तांत्रिकदृष्ट्या एक्स्टेन्शनच असतात आणि संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी ५०००० ते ९९९९९ हा पट्टा ठेवलेला आहे.

पट्टा मोकळा सोडणाऱ्या मालकाला आणखी एक साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे एक्स्टेन्शनची आगाऊ जाहीर नोंद. पट्ट्याच्या वर्णनातच कोणता क्रमांक कोणत्या पूर्ण नावाच्या आणि कोणत्या प्रकारच्या एक्स्टेन्शनला दिला ते लिहिता येते. नोंदीशी न जुळणारे एक्स्टेन्शन मग कंपायलर नाकारतो. वहीत किंवा विकी पानावर ठेवलेल्या यादीपेक्षा ही पद्धत कितीतरी बरी, कारण यादी वाचायला माणूस विसरतो, कंपायलर विसरत नाही.

दोघांनी एकच क्रमांक घेतला तर काय होते?

दोन्ही वर्णने एकाच प्रोग्राममध्ये आली, तर आपण नशीबवान. सी++ मधील प्रोग्राम सुरू होतानाच नोंदणीच्या संघर्षामुळे थांबतो आणि गोमध्येही मूळ मांडणीत तसेच घडते, त्यामुळे गोष्ट लपत नाही.

वर्णने वेगवेगळ्या प्रोग्राममध्ये असली, तर परिणाम तारेवरच्या प्रकारावर ठरतो. एकाने पूर्णांक आणि दुसऱ्याने मजकूर ठेवला असेल, तर प्रकार जुळत नाही, म्हणून ते फील्ड अनोळखी समजून बाजूला ठेवले जाते. पण एकाने मजकूर आणि दुसऱ्याने आतला संदेश ठेवला, तर दोन्हींचा तारेवरचा प्रकार २ असतो. वाचणारा त्या मजकुराच्या बाइटना संदेश समजून उलगडू लागतो. मग एक तर मधेच चूक येऊन संपूर्ण बाहेरचा संदेशच नाकारला जातो, किंवा ते बाइट अपघाताने वैध ठरून निरर्थक किमती हाती येतात. दुसरी शक्यता जास्त वाईट.

काढून टाकलेल्या फील्डचा क्रमांक पुन्हा वापरावा का?

नाही. तो क्रमांक, आणि जेसन किंवा मजकूर स्वरूप वापरत असाल तर ते नावही, 'रिझर्व्हड' म्हणून लिहून ठेवावे. जुने बाइट फाइलींत, रांगांत आणि बॅकअपमध्ये पडून असतात आणि त्यांना तुमचा नवा अर्थ माहीत नसतो.

फील्डचा प्रकार बदलता येतो का?

काही जोड्यांमध्ये येतो. ३२ आणि ६४ बिटांचे साधे पूर्णांक, चिन्हविरहित पूर्णांक आणि बूलियन हे तारेवर एकाच पद्धतीने लिहिले जातात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा ठेवता येतो. मात्र नव्या लेखकाने ३२ बिटांत न मावणारी संख्या पाठवली, तर जुना वाचक वरचे बिट गुपचूप कापतो. 'एस' अक्षराने सुरू होणारे झिगझॅग पूर्णांक एकमेकांशी जुळतात, पण साध्या पूर्णांकांशी नाही: झिगझॅग पद्धतीत लिहिलेला उणे एक साध्या वाचकाला अधिक एक दिसतो. मजकूर आणि बाइट हे प्रकार, बाइट वैध यूटीएफ-८ असतील तोवर, अदलाबदल होऊ शकतात. एवढे सगळे लक्षात ठेवण्यापेक्षा नवा क्रमांक घेऊन नवे फील्ड घालणे आणि काही काळ दोन्ही भरणे हे स्वस्त पडते.

एनममध्ये, म्हणजे ठरावीक किमतींच्या यादीत, नवी किंमत घातली. जुन्या वाचकाला काय दिसेल?

हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, आणि विचारायला हवा, म्हणून येथे घेतला आहे.

प्रोटो३ मध्ये एनम खुले असतात: अनोळखी किंमत संख्या म्हणून फील्डमध्येच राहते आणि वाचणाऱ्याला निदान काहीतरी नवे आले आहे हे कळू शकते. प्रोटो२ मध्ये ते बंदिस्त असतात: यादीत नसलेली किंमत आली, तर ती अनोळखी फील्डांत टाकली जाते, फील्ड भरलेच नाही असे दाखवले जाते, आणि किंमत मागितल्यास मूलभूत किंमत मिळते. वेगळी मूलभूत किंमत सांगितलेली नसेल, तर एनममधली पहिली किंमत मूलभूत समजली जाते.

जीटीएफएस रिअलटाइम प्रोटो२ मध्ये आहे, आणि फेरीच्या वर्णनातील वेळापत्रकाशी असलेल्या नात्याच्या एनममध्ये पहिली किंमत आहे 'वेळापत्रकानुसार'. त्या एनममध्ये नंतर ७ या क्रमांकाने 'डिलीटेड' ही किंमत आली, जिचा अर्थ असा, की ही फेरी प्रवाशांना मुळीच दाखवू नये. जुन्या वर्णनावर बनलेला प्रोग्राम ७ वाचतो, त्याला ती किंमत ओळखता येत नाही, आणि 'ही फेरी वेळापत्रकानुसार आहे' असे उत्तर तो देतो. पाठवणाऱ्याला म्हणायचे होते त्याच्या नेमके उलट फलकावर झळकते, आणि कोणत्याही नोंदवहीत एकही चूक उमटत नाही. यावर दोन उपाय आहेत. वाचणाऱ्याने किंमत मागण्यापूर्वी फील्ड भरलेले आहे का हे तपासावे. रचना करणाऱ्याने शून्य ही किंमत 'सांगितलेले नाही' याच अर्थासाठी राखावी, म्हणजे पडझड झाली तरी ती खोटे बोलणाऱ्या किमतीवर होणार नाही.

फील्ड अनिवार्य ठेवावे का?

नव्या रचनेत ठेवू नये. प्रोटो२ मधील अनिवार्य फील्ड नसले, तर संपूर्ण संदेश नाकारला जातो, आणि जगातला शेवटचा जुना वाचक बदलेपर्यंत ते फील्ड काढता येत नाही. प्रोटो३ ने ही सोयच काढून टाकली. जीटीएफएस रिअलटाइममध्ये फीडचे शीर्ष अनिवार्य आहे आणि आता ते कायमचेच तसे राहील असे धरून चालावे. माहिती पुरेशी आहे की नाही ही तपासणी पार्सरवर न सोपवता आपल्या कोडमध्ये करावी.

प्रोटो३ मध्ये एक्स्टेन्शन का चालत नाहीत? त्याऐवजी एनी वापरावे का?

प्रोटो३ मध्ये एक्स्टेन्शन फक्त वर सांगितलेले पर्याय (ऑप्शन) जोडण्यासाठी उरले. सामान्य संदेशांसाठी एनी हा प्रकार पुढे केला गेला. एनीमध्ये दोनच फील्डे असतात: आतल्या संदेशाच्या प्रकाराचा पत्ता आणि त्या संदेशाचे बाइट. आत काहीही ठेवता येते, क्रमांकांचे वाटप लागत नाही, आणि उलगडताना प्रकार जुळला नाही तर ते स्पष्टपणे कळते.

किंमतही आहे. प्रकाराचा पत्ता हा मजकूर असतो आणि प्रत्येक एनीमध्ये तो पुन्हा लिहिला जातो. 'टाइप डॉट गूगलएपीआयज डॉट कॉम' आणि तिरकी रेघ या नेहमीच्या उपसर्गाचेच वीस बाइट होतात, त्यापुढे संदेशाचे पूर्ण नाव. १००१ क्रमांकाच्या एक्स्टेन्शनची खूण दोन बाइटांची असते. एका फीडमध्ये हजारो थांबे असतील, तर हा फरक डोळ्यांत भरतो. शिवाय आतले बाइट वेगळे उलगडावे लागतात, म्हणजे वाचण्याचे काम दोनदा.

आमचा कल असा: भर घालणारे मोजके आणि ओळखीचे असतील, तर एक्स्टेन्शन, आत काय येईल हे खरोखरच अनिश्चित असेल, उदाहरणार्थ चूक कळवणाऱ्या उत्तरासोबत जोडायचा तपशील, तर एनी. 'पुढे कधीतरी लागेल' म्हणून प्रत्येक संदेशात एक एनी टाकून ठेवणे म्हणजे रचना ठरवण्याचे काम पुढच्या माणसावर ढकलणे. प्रोटो२ आणि प्रोटो३ यांची फाटाफूट मिटवण्यासाठी आलेल्या एडिशन २०२३ मध्ये एक्स्टेन्शन पुन्हा सामान्य संदेशांसाठी लिहिता येतात, त्यामुळे केवळ नव्या वाक्यरचनेसाठी एनीकडे वळण्याचे कारण आता उरलेले नाही.

'एक्स्टेंड' एखाद्या संदेशाच्या आत लिहिले, तर तो संदेश मूळ संदेशाचा वारस होतो का?

होत नाही. आत लिहिल्यामुळे एक्स्टेन्शनच्या नावाला त्या संदेशाचे नाव आडनावासारखे लागते, एवढेच. वारसा ही कल्पना प्रोटोबफमध्ये नाहीच.

वनऑफमध्ये नवा पर्याय घालणे सुरक्षित आहे का?

बाइटच्या दृष्टीने आहे, अर्थाच्या दृष्टीने जपून. जुन्या वाचकाला नवा पर्याय 'काहीच निवडलेले नाही' असा दिसतो, आणि खरोखर काही न निवडलेल्या संदेशापासून तो वेगळा ओळखता येत नाही. 'काहीच नाही' या फांदीत तुमचा जुना कोड काय करतो ते आधी पाहावे. असलेले एकच फील्ड नव्या वनऑफमध्ये हलवणे चालते; अनेक फील्डे हलवली आणि जुना लेखक त्यांतील दोन भरत असेल, तर नव्या वाचकाकडे शेवटचे तेवढे उरते.

जेसनमध्ये एक्स्टेन्शन कसे दिसते?

चौकोनी कंसात पूर्ण नाव, अशा किल्लीने. येथे सगळे उलटे होते: तारेवर क्रमांक पवित्र आणि नाव बदलले तरी चालते, तर जेसनमध्ये नावच करार ठरते. अनोळखी नाव आले, तर प्रोटोबफचा जेसन पार्सर मूळ मांडणीत चूक देतो. दुर्लक्ष करण्याचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. दोन संस्थांमधील देवाणघेवाण जेसनमधून होणार असेल, तर या पानावरील अर्ध्या आश्वासनांवर विसंबू नये.

अनोळखी फील्डे पुढे जाऊ देणे धोक्याचे नाही का?

संस्थेच्या सीमेवर असू शकते. बाहेरून आलेल्या संदेशातील, आपण न तपासलेले बाइट आतल्या एखाद्या सेवेला ओळखीचे निघू शकतात. सीमेवरच्या सेवेत अनोळखी फील्डे मुद्दाम टाकून द्यावीत. त्यासाठी लायब्ररीत सोय असते. आतल्या सेवांमध्ये मात्र ती जपावीत. याला जोडून एक सूचना: संदेशाच्या बाइटचा हॅश (बाइटवरून काढलेली ओळखसंख्या) काढून दोन संदेश सारखे आहेत का हे ठरवू नये. फील्डांचा क्रम, आणि विशेषतः अनोळखी फील्डांची जागा, सर्वत्र सारखी राहील अशी हमी प्रोटोबफ देत नाही. स्वाक्षरी करायची असेल, तर मूळ बाइट जसेच्या तसे बाइट प्रकारच्या फील्डमध्ये ठेवून त्यांवर करावी.

इतर पद्धतींत हाच प्रश्न कसा सोडवतात?

अ‍ॅव्ह्रोमध्ये फील्डला क्रमांक नसतात. लिहिणाऱ्याची स्कीमा, म्हणजे रचनेचे वर्णन, वाचणाऱ्याला मिळणे आवश्यक असते आणि दोन्ही स्कीमांचा मेळ वाचताना घातला जातो. मेसेजपॅकमध्ये एक्स्टेन्शन प्रकारासाठी उणे १२८ ते १२७ असा एका बाइटाचा क्रमांक असतो, त्यातील ० ते १२७ उपयोजनांसाठी मोकळे आहेत आणि उणे १ हा वेळेच्या नोंदीसाठी ठरलेला आहे. एएसएन.१ मध्ये रचनेत तीन टिंबे लिहून 'येथे पुढे भर पडू शकते' असे आधीच जाहीर करतात.

आमची रचना खरोखर विस्तारक्षम आहे हे कसे तपासावे?

आजच्या रचनेवर बांधलेला प्रोग्राम जपून ठेवावा आणि आजचे काही खरे संदेश बाइटच्या रूपात भांडारात ठेवावेत. रचना बदलली, की नव्या प्रोग्रामने ते जुने बाइट वाचावेत आणि जुन्या प्रोग्रामने नव्याने लिहिलेले बाइट वाचावेत. ही दुसरी बाजू लोक विसरतात. त्यानंतर मधल्या प्रत्येक सेवेतून एक असा संदेश पाठवावा, ज्यात तिला कधीच माहीत नसलेल्या क्रमांकाचे एक फील्ड मुद्दाम घातलेले आहे. खासगी पट्ट्यातला ९९९९ त्यासाठी सोयीचा आहे. पलीकडे संदेश पूर्ण नोंदणी असलेल्या वाचकाने उघडावा आणि ते फील्ड किमतीसह शिल्लक आहे का हे पाहावे. थांब्यांची नावे सुधारणाऱ्या आमच्या त्या सेवेतील दोष शेवटी या चाचणीतच सापडला. फील्ड भरायला दोन ओळी लागल्या आणि तपासायला एक.